परवान्याने सुरक्षा लाभेल काय?



देहविक्रयाला कायद्याने मान्यता द्यावी, परवाने द्यावेत, सरकारची देखरेख ठेवावी, म्हणजे त्या स्त्रियांचा छळ थांबेल, असा विचार गेल्या काही वर्षांत सुशिक्षित वर्गात बळावला आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या महाविद्यालयांत शिकणारी आपली मुले-मुली वादविवाद स्पर्धांत हा युक्तिवाद ऐकतात, कधी स्वतः मांडतात, आणि घरी येऊन विचारतात की इस्लामचे यावर म्हणणे काय. बहुतेक घरांत उत्तर एका शब्दात मिळते: हराम. उत्तर बरोबर आहे, पण ते विचारलेल्या प्रश्नाचे नाही. मुलाने विचारले होते की ती स्त्री सुरक्षित कशी होईल. आपण सांगितले की ते कृत्य पाप आहे. पापाविषयी आपल्यात दुमत नाहीच. सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:३२) व्यभिचार करू नका एवढेच फर्मावून अल्लाह थांबलेला नाही, तर त्याच्या जवळही फिरकू नका असा आदेश दिला आहे. परंतु पापात अडकलेल्या माणसाचे रक्त, शरीर आणि अब्रू यांचे काय, हा शरीअतचाही स्वतंत्र प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आपल्यावर आहे.

हा विषय दूरच्या शहराचा नाही. भिवंडीची हनुमान टेकडी आपल्याच जिल्ह्यात आहे. यंत्रमागांवर राबणारे उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातले हजारो पुरुष बायकामुले गावी ठेवून दाटीवाटीने एकेका खोलीत राहतात; त्या वस्तीचे गिऱ्हाईक पुष्कळसे याच कष्टकऱ्यांतून येते. तिथल्या स्त्रिया बंगालच्या, नेपाळच्या, कर्नाटक-तेलंगणाच्या. हिंदू आहेत तशा मुसलमानही आहेत. शिवाय महामार्गालगतचे लॉज आणि तथाकथित लेडीज बार आहेत, जिथे सारा व्यवहार फोनवर ठरतो. टेकडीवर निदान शेजारीण हाकेच्या अंतरावर असते, आरोग्यसेविका येऊन जाते. लॉजच्या बंद खोलीत ती स्त्री अनोळखी पुरुषासोबत एकटी असते आणि ती तिथे आहे हे दलालावाचून कोणाला ठाऊक नसते. सुरक्षेचा विचार करायचा तर या खोलीपासून करावा लागेल.

आता कायदा काय आहे ते पाहू, कारण याबाबत आपल्या समाजात बरेच गैरसमज आहेत. भारतात प्रौढ स्त्रीने स्वतः देहविक्रय करणे हा गुन्हा नाही. १९५६ साली झालेला आणि १९८६ पासून ‘अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम’ या नावाने ओळखला जाणारा कायदा त्या भोवतालच्या गोष्टींना गुन्हा ठरवतो: कुंटणखाना चालविणे, दलाली करणे, मुलीला फसवून आणणे, मशीद-मंदिर, शाळा किंवा इस्पितळापासून २०० मीटरच्या आत हा व्यवहार करणे, रस्त्यावर गिऱ्हाइकाला बोलावणे. वरवर पाहता हा शहाणपणाचा मार्ग वाटतो. पण तपशील वाचा. दोन स्त्रिया परस्परांच्या लाभासाठी एका खोलीतून हा व्यवहार करीत असतील, तर व्याख्येनुसार ती खोली कुंटणखाना ठरते. म्हणजे एकीने दुसरीची पाठराखण करावी म्हणून दोघी एकत्र राहिल्या, तर त्याच दोघी आरोपी होतात. कलम ४ नुसार वेश्येच्या कमाईवर जगणारी अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती गुन्हेगार; त्यात दलाल येतो हे ठीक, पण आईच्या पैशावर महाविद्यालयात शिकणारा मुलगाही येतो. कलम ८ नुसार बोलावणारी स्त्री पकडली जाते, येणारा पुरुष बहुधा घरी जातो. आणि कलम १७ च्या आधारे सोडवून आणलेल्या प्रौढ स्त्रीलाही संरक्षणगृहात ठेवता येते. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी अशा तीन तरुणींना मुक्त करताना हेच स्पष्ट केले की त्या प्रौढ आहेत, त्यांनी गुन्हा केलेला नाही आणि त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना डांबून ठेवता येणार नाही.

या कायद्याचा परिणाम असा की मार खाल्लेली, लुटली गेलेली, बलात्कार झालेली स्त्री पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढत नाही. तक्रार करायला गेली तर पहिला प्रश्न तिलाच विचारला जाईल हे तिला माहीत असते. तिला मारणाऱ्यालाही ते माहीत असते.

१९९९ साली कोलकात्यात एका स्त्रीचा निर्घृण खून झाला. आरोपीचे अपील २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले आणि प्रकरण तिथेच न संपवता त्याचे जनहित याचिकेत रूपांतर केले. या स्त्रियांना सन्मानाने जगण्यासाठी काय करावे लागेल हे ठरविण्यासाठी समिती नेमली. त्यातून १९ मे २०२२ चा आदेश आला. अत्याचार झालेल्या स्त्रीला तातडीने वैद्यकीय मदत द्या, कंडोम जवळ सापडले हा पुरावा मानू नका, संरक्षणगृहात इच्छेविरुद्ध अडकलेल्या प्रौढ स्त्रियांचा शोध घेऊन त्यांच्या सुटकेचा विचार करा, छाप्याच्या वेळी त्यांचे चेहरे वृत्तपत्रांत झळकू देऊ नका, अशा शिफारशींची अंमलबजावणी न्यायालयाने राज्यांना करावयास सांगितली. छाप्यात स्त्रियांना अटक करू नये आणि केवळ आई या व्यवसायात आहे म्हणून मूल तिच्यापासून तोडू नये, या शिफारशींबाबत मात्र केंद्र सरकारने हरकत नोंदविली होती. आदेश वर्तमानपत्रांत ‘वेश्याव्यवसायाला मान्यता’ अशा थाटात गाजला. वास्तविक त्यात परवाना नव्हता. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ ने दिलेला सन्मानाने जगण्याचा अधिकार या स्त्रियांनाही आहे, एवढेच सांगितले होते.

या ठिकाणी सूरह नूरची ३३ वी आयत काळजीपूर्वक वाचण्याजोगी आहे. मदीनेत अब्दुल्लाह बिन उबई हा दांभिकांचा म्होरक्या आपल्या दासींकडून हा धंदा करवून घेत असे आणि त्या कमाईवर मातब्बरी मिरवीत असे. त्याच्या एका दासीने नकार दिला, त्या पार्श्वभूमीवर ही आयत अवतरल्याचे हदीसकारांनी नोंदविले आहे. आयतीचा आशय असा की ऐहिक लाभासाठी मुलींना देहविक्रयास भाग पाडू नका. आणि कोणी भाग पाडले, तर त्या बळजबरीनंतर अल्लाह क्षमाशील आणि दयाळू आहे. मनाई कोणाला आहे पाहा: मालकाला. आणि मुफस्सिरांच्या बहुमतानुसार क्षमेचे आश्वासन कोणाला आहे? जिच्यावर सक्ती झाली तिला. आणखी एक गोष्ट, जी भाषेच्या विद्यार्थ्याला जाणवल्याशिवाय राहत नाही. कुरआनने त्या दासींसाठी वापरलेला शब्द ‘फतयात’ हा आहे. त्याचा मूळ अर्थ तरुण मुली. त्यांच्याकडून करवून घेतल्या जाणाऱ्या कामाचे नाव आयतीत येते, पण ते नाव त्यांना चिकटवलेले नाही. आपल्या मराठीत, आणि आपल्या मोहल्ल्यातल्या बोलीत तर विशेषच, त्या स्त्रीसाठी कामाच्या नावावाचून दुसरा शब्द उरत नाही. तो शब्द शिवी म्हणून आपण इतर स्त्रियांवरही सहज फेकतो, आणि चार साक्षीदारांवाचून असा आरोप करणाऱ्यास त्याच सूरहमध्ये (२४:४) ऐंशी फटक्यांची शिक्षा सांगितली आहे हे विसरतो.

‘पण सक्ती कुठे आहे? ती स्वखुशीने करते,’ असे परवान्याचे समर्थक म्हणतात. गंमत अशी की तिला तुच्छ लेखणारेही हेच म्हणतात. संमतीचा हा प्रश्न खरोखर अवघड आहे आणि त्याला झटपट निकाली काढू नये. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये गुहेत अडकलेल्या तीन पुरुषांची हदीस आहे. त्यांच्यापैकी एकाचे आपल्या चुलतबहिणीवर मन जडले होते. ती नकार देत राहिली. मग दुष्काळ पडला. ती गरजेपोटी आली, त्याने १२० दीनार देऊ केले आणि ती तयार झाली. ऐनवेळी तिने अल्लाहचे भय घालताच तो उठला, निघून गेला, आणि दिलेले सोने त्याने परत मागितले नाही. त्या घटकेला तिने होकार दिला होता. आजच्या कायद्याच्या भाषेत ती प्रौढ स्त्रीची संमती होती. पण तो होकार दुष्काळाने वदवून घेतला होता. दुसरीकडे ह. उमर (र.) यांच्या काळातील एक प्रसंग बैहकींनी नोंदविला आहे: वाळवंटात तहानेने व्याकूळ झालेल्या स्त्रीला एका मेंढपाळाने देह दिल्याखेरीज पाणी देण्यास नकार दिला. ह. अली (र.) यांचा सल्ला घेऊन तिला निर्दोष सोडण्यात आले, कारण ती अगतिक होती. म्हणजे सक्ती केवळ दोरीने आणि चाकूने होते असे शरीअत मानत नाही. तहान, भूक, घरवालीचे न फिटणारे कर्ज, गावी ठेवलेले मूल, हीही सक्तीचीच रूपे असू शकतात.

म्हणून सांगलीच्या ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’सारख्या संघटनांचे म्हणणे ऐकताना मी दोन भागांत विचार करतो. त्या स्त्रिया सांगतात की छाप्यांनी आमचे रक्षण होत नाही, आमची कमाई आणि मुले हिरावली जातात. आम्हाला गुन्हेगार मानू नका. हा भाग मला मान्य आहे आणि वर दिलेल्या आयतीच्या प्रकाशात तो कोणाही मुसलमानाला मान्य व्हायला हरकत नसावी. दुसरा भाग असा की हे इतर कामांसारखेच एक काम आहे. तो मान्य करता येत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या कमाईस निषिद्ध ठरविले आहे. पण या दोन भागांची गाठ अपरिहार्य आहे असे मानण्याची चूक आपण करतो. एखादे काम हलाल ठरल्याशिवाय ते करणाऱ्याला मारहाणीपासून संरक्षण मिळू नये, असे कोठे सांगितले आहे? व्याजबट्टा करणाऱ्याच्या घरी चोरी झाली तर चोराला शिक्षा होतेच.

तर मग परवाना दिल्याने काय होईल? हा प्रयोग आपल्या देशात होऊन गेला आहे. इंग्रजांनी १८६८ मध्ये संसर्गजन्य रोगांचा कायदा आणून मुंबईसारख्या शहरांत वेश्यांची नोंदणी सुरू केली. छावण्यांत तर त्याआधीपासूनच ती होती. नोंद झालेल्या स्त्रीने ठरलेल्या दिवशी तपासणीस यायचे, रोग आढळला तर बंदिस्त इस्पितळात राहायचे. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाची तपासणी या कायद्यात नव्हती. स्त्रिया नोंदणी चुकवीत, पोलीस त्यांचा माग काढीत, आणि अखेर हिंदुस्थानात व इंग्लंडमध्ये झालेल्या विरोधानंतर १८८८ मध्ये तो कायदा रद्द झाला. नियमन तेव्हा झाले खरे, पण ते गोऱ्या शिपायाची प्रकृती सांभाळण्यासाठी होते.

अलीकडची उदाहरणेही आहेत. नेदरलँड्सने २००० साली कुंटणखान्यांवरील बंदी उठवली. काही वर्षांतच अॅमस्टरडॅमच्या पालिकेला गुन्हेगारी टोळ्यांच्या शिरकावामुळे तिथल्या काचेच्या खिडक्या बंद करीत जावे लागले. जर्मनीने २००२ मध्ये या कामाला करार व विम्याचे छत्र दिले, २०१७ पासून नोंदणी सक्तीची केली. २०२३ च्या अखेरीस नोंद झालेल्यांची संख्या सुमारे तीस हजार होती, आणि नोंदीबाहेर असलेल्या स्त्रियांचे अंदाज याच्या कित्येक पट आहेत. परवाना घेणारा मालक मात्र उजळ माथ्याने व्यापारी झाला. न्यूझीलंडचे उदाहरण समर्थकांच्या बाजूने सर्वांत भक्कम आहे, आणि प्रामाणिकपणे ते मान्य केले पाहिजे. २००३ च्या कायद्याने तिथे चारपर्यंत स्त्रियांना मालकाविना एकत्र राहून हे करता येते, आणि २०१४ मध्ये एका स्त्रीने छळ करणाऱ्या कुंटणखाना-चालकाविरुद्ध दाद मागून भरपाई मिळविली. पण त्याच कायद्यात तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी स्त्रीला हे काम करण्याची मनाई आहे. म्हणजे जिच्याकडे कागद आहेत ती सुरक्षित झाली; जिच्याकडे नाहीत ती होती तिथेच राहिली.

आता हा नियम भिवंडीला लावून पाहा. इथे सर्वांत मोठा धोका कोणाला आहे? विकून आणलेल्या मुलीला, वय खोटे सांगितलेल्या मुलीला, सीमेपलीकडून आलेल्या, आधार कार्ड नसलेल्या स्त्रीला. परवाना देणारे कार्यालय उघडले तर या तिघींपैकी एकही त्या खिडकीपुढे उभी राहू शकणार नाही. पोहोचेल तो खोल्यांचा मालक आणि घरवाली, आणि भिंतीवर चौकटीत टांगलेला परवाना मुलीला कोंडून ठेवणाऱ्याच्याच नावाचा असेल. अब्दुल्लाह बिन उबईला नगरपालिकेचा परवाना, यापेक्षा वेगळे काही मला त्यात दिसत नाही.

मात्र केवळ बंदीनेही सुरक्षा येत नाही. याचा धडा महाराष्ट्राने आपल्या डोळ्यांदेखत घेतला आहे. २००५ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने डान्सबार बंद झाले. ठाण्या-मुंबईत त्याचे मोठे स्वागत झाले. मशिदींतही समाधान व्यक्त झाले. नाचणाऱ्या मुलींचा आकडा त्या वेळी ७५ हजार सांगितला जाई. त्या कुठे जातील, काय खातील, हा प्रश्न स्वागत करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी विचारला. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरविताना हेही नमूद केले की उपजीविका गेल्यामुळे त्यांच्यातील अनेकींना देहविक्रयाकडे वळावे लागले. बारचा मालक परमिट रूम चालवीत राहिला. एक दार बंद करताना दुसरे उघडले नाही, तर आतले माणूस खिडकीतून उडी मारते.

माझे मत असे की कायद्याने दोन गोष्टी एकाच वेळी कराव्यात. स्त्रीला गुन्हेगारीच्या कक्षेतून पूर्णपणे बाहेर काढावे: कलम ८ तिच्यापुरते रद्द व्हावे, एकत्र राहणाऱ्या दोन स्त्रियांना कुंटणखाना-चालक ठरविणारी व्याख्या बदलावी, आईच्या कमाईवर शिकणारे मूल आणि म्हातारी आजी यांना कलम ४ मधून वगळावे, आणि तिची तक्रार इतर नागरिकांच्या तक्रारीप्रमाणे घ्यावी. आणि विकणारा, कोंडणारा, तिच्या कमाईत वाटा मागणारा, यांना कोणताही परवाना नसावा. गिऱ्हाइकाचे काय? स्वीडनने १९९९ पासून गिऱ्हाइकालाच दंड करण्याचा मार्ग धरला आहे, आणि शरीअतच्या दृष्टीने पुरुषाचे पाप स्त्रीपेक्षा कणभरही हलके नाही. तरीही सरसकट दंडाने व्यवहार आणखी अंधारात जातो, हा त्या स्त्रियांचा आक्षेप मला दुर्लक्षिण्यासारखा वाटत नाही. लॉजची ती बंद खोली आठवा. मात्र विकून आणलेल्या स्त्रीचे शोषण करणाऱ्या पुरुषाला शिक्षा देणारी तरतूद २०१३ पासून आपल्या फौजदारी कायद्यात आहे, आज ती भारतीय न्याय संहितेतही आहे. ती वापरली जावी, ही मागणी आपण निःसंकोच करू शकतो. सूरह नूरने नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना दिला (२४:३०), मग स्त्रियांना. आपल्या जुमाच्या खुतब्यांत हा क्रम बहुधा उलटा होतो.

राहिला प्रश्न आपल्या हातातील गोष्टींचा. कल्याण, भिवंडी, मुंब्र्यात रमजानमध्ये जकातीची मोठी रक्कम गोळा होते. तिचा मोठा भाग मदरशांना जातो. मी स्वतः अशा मदरशाच्या अन्नावर वाढलो आहे, तेव्हा त्याविरुद्ध बोलण्याचे कारण नाही. पण सूरह तौबात (९:६०) जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत गरीब आणि गरजू आहेत, कर्जात बुडालेले आहेत, आणि गुलामीच्या जोखडातून मान सोडविणे हेही आहे. घरवालीने ‘खरेदीची किंमत’ म्हणून डोक्यावर ठेवलेल्या कर्जात अडकलेल्या स्त्रीहून या शब्दांना जवळचे उदाहरण आजच्या ठाणे जिल्ह्यात कोणते सापडेल? ते तथाकथित कर्ज घरवालीच्या हातावर ठेवू नये. ते कायद्याने कर्जच नाही, आणि दिलेल्या पैशातून ती दुसरी मुलगी आणील. जकात त्या स्त्रीच्या हातात पडावी: बाहेर पडल्यावर सहा महिन्यांचे भाडे, शिवणयंत्र, मुलाची फी, वकील, औषधे. मुस्लिमेतर स्त्रीसाठी जकातीऐवजी नफली सदका द्यावा. कोकणी शाफई घरे असोत की हनफी, त्याला अडचण नाही.

‘ती पैसे घेईल आणि धंदाही सोडणार नाही,’ ही शंका मला नेहमी ऐकू येते. या शंकेचे उत्तर बुखारी आणि मुस्लिममध्येच आहे. एका माणसाने रात्रीच्या अंधारात सदका दिला तो अजाणता एका व्यभिचारी स्त्रीच्या हाती पडला, आणि सकाळी लोक त्याची चर्चा करू लागले. त्याला कळविण्यात आले की तुझा सदका स्वीकारला गेला. कदाचित त्यामुळे ती त्या मार्गापासून परावृत्त होईल. तिथे ‘कदाचित’ पुरेसे ठरले. आपण मात्र हमीपत्र मागतो.

तिने मशिदीला देऊ केलेले पैसे घ्यावेत काय, हे मला काही विश्वस्तांनी विचारले आहे. त्या कमाईतील असतील तर मशिदीसाठी घेऊ नयेत, आणि परत करताना चारचौघांत करू नयेत. तिच्या मुलाला मक्तबमध्ये घ्यावे काय? घ्यावे, आणि इतर मुलांसमोर वडिलांचे नाव विचारू नये. ती मरण पावली तर जनाजाची नमाज कोणी पढवावी? मुसलमान म्हणून मरण पावलेल्या प्रत्येकाची जनाजाची नमाज ही वस्तीवरील फर्जे-किफाया आहे. कोणीच पढली नाही तर सारी वस्ती गुनहगार. ज्या मोहल्ल्यात तिचे निधन होईल, तिथल्या इमामाने पढवावी, आणि दफनाला माणसे कमी पडत असतील तर शेजारच्या मशिदीतून बोलावून घ्यावीत.